बरोबरीचा गुलाल

खामगावच्या मैदानावर शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मोताळ्याहून आलेल्या बायांना आधी कळेचना, की आता नाचायचं का गप बसायचं. एक-एक. हरल्यावर काय करायचं याचा त्यांना चांगला सराव होता. जिंकल्यावर काय करायचं तेही एकदा करून पाहिलं होतं. बरोबरी मात्र पहिल्यांदाच पदरात पडली होती. केसरबाईचे दोन्ही हात वर गेले, अर्ध्यात थांबले, आणि मग तिनं उगाच पदर सारखा केला.

टेम्पोवाल्या गोविंदानं सीटखालून गुलालाची पुडी काढली.

"काय करू वो धम्मशीलाबाई? उधळू का ठेवू?"

असलं काही अडलं की सगळे धम्मशीलालाच विचारत. ती अंगणवाडीची सेविका, चार बुकं वाचलेली, आणि समोरच्या पोरींपैकी निम्म्यांना तिनंच पाटीवर गोल काढायला शिकवलेलं. पण धम्मशीलाचं लक्ष पुडीकडे नव्हतं. गोलपोस्टच्या खांबाला टेकून वैष्णवी बसली होती. केसरबाईची पोरगी, संघाची गोलकीपर. उघड्या हातांनी खेळलेली. उजव्या हाताचं मधलं बोट सुजून गाजरासारखं झालेलं, आणि ती ते बोट तोंडाजवळ धरून त्यावर फुंकर मारत होती.

"घरी गेल्यावर पाहू," धम्मशीला म्हणाली.

'पाहू' म्हणाली आणि तिलाच तो शब्द जिभेला चावला. सगळं त्या 'पाहू'नंच तर झालं होतं.

झालं होतं असं. मोताळ्याच्या पोरींच्या मॅचला जाणाऱ्या बाया म्हणजे कोणाची आई, कोणाची काकू. एकट्या जनकाबाईचं संघात कोणीच नव्हतं. नांदुरा रोडवर तिचं शिलाईचं दुकान, मागं दोन खोल्या, आणि माणूस म्हणून ती एकटी. पोरींच्या जर्सीवर नंबर शिवायला म्हणून ती या भानगडीत आली. पहिल्या वर्षी तिनं सहाचा आकडा उलटा शिवला, त्यामुळं मोताळ्याच्या संघात दोन नऊ नंबर होते आणि समोरच्या संघाला कोणाला धरावं कळत नसे. त्यानंतर ती एकही मॅच चुकवत नव्हती. नियम तिला आजही ठाऊक नाहीत. चेंडू कोणाच्याही पायात असो, ती मैदानाच्या कडेनं पळत ओरडायची, "मार वं माय, मार!" कधीकधी समोरच्या संघाची पोरगीच ते ऐकून जोरात मारायची.

आणि जनकाबाई आली की संघ हरायचा. बुलढाण्यात हरला, मलकापुरात हरला, घरच्या मैदानावरही हरला. एकदाच ती भाचीच्या लग्नाला देऊळगाव राजाला गेली, आणि नेमक्या त्याच दिवशी पोरी जिंकल्या. ही गोष्ट केसरबाईच्या ध्यानात आली. केसरबाईच्या ध्यानात आलेली गोष्ट गावाच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही.

अंगणवाडीच्या ओट्यावर बायांची बैठक बसली. 'पनवती' हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारला नाही. नुसता ओट्यावर आणून ठेवला.

"काय बोलून राह्यल्या तुमी?" धम्मशीला भडकली. "ती सगळ्या मॅचले व्हती, तं आपुनबी व्हतोच ना सगळ्या मॅचले? मंग आपुन कोण?"

 मग केसरबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुह्यं सारं बराबर हाय, शीला. मीबी कोठी मानतो? पण खामगावची मॅच हाय. एक डाव पाहू. पाह्यले काय जाते?"

"प्रयोगच समज," दुसरी म्हणाली.

प्रयोग हा शब्द धम्मशीलाला नेमका लागू पडला. दर चौदा एप्रिलला ती स्टेजवर अंधश्रद्धेवर बोलायची आणि हातातला माईक काढून घ्यावा लागेपर्यंत बोलायची. गोविंदाच्या टेम्पोचं लिंबू-मिरची तिनं स्वतःच्या हातानं तोडलं होतं, आणि ते लिंबू शरबतात पिळून त्यालाच पाजलं होतं. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण खामगावला जिंकावं असं तिलाही फार वाटत होतं.

"आन सांगाले तूच जाय," केसरबाई म्हणाली. "तुह्यावर तिचा इश्वास बसंन. तू हे मानत नाहीस ना."

शुक्रवारी धम्मशीला गेली. जनकाबाई मशीनवर होती. वैष्णवीचे ग्लोज समोरच्या फळीवर पडलेले, मनगटाचं इलॅस्टिक उसवलेलं, एका अंगठ्याची शिवण फाटलेली.

"मॅच पुढच्या रविवारवर गेली वो, जनकाबाई."

"हाव का? बरं झालं बाई. मंग या ग्लोजले निवांत शिवतो. उद्या राती बसा लागणार व्हतं." जनकाबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "च्या घेतं का?"

धम्मशीलानं चहा घेतला. ग्लोज तिच्या डोळ्यांसमोर होते. पण माणूस खोटं बोलत असलं की त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या तोंडाकडे असतं, समोर काय पडलंय ते दिसत नाही.

रविवारी पोरी खेळाच्या सरांसोबत सकाळच्या एसटीनं पुढं गेल्या. बाया गोविंदाच्या टेम्पोत, कालचा कापूस वाहिलेल्या गोणपाटाच्या बोंदऱ्यांवर बसून मागून निघाल्या. जनकाबाईचं दुकान पडतं ऐन रोडवर. म्हणून गोविंदानं टेम्पो आठवडी बाजाराच्या मागून, तुरीच्या वावरांमधल्या कच्च्या वाटेनं काढला. गचके बसले, बाया एकमेकींवर पडल्या. "खाली वाका वं, दिसान!" केसरबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. धम्मशीलाही हसली.

खामगावात टेम्पो मैदानाशी लागला तशी वैष्णवी धावत आली. टेम्पोत वाकून तिनं एकेकीचं तोंड पाहिलं.

"जनकामावशी कोठी हाय? माह्ये ग्लोज तिच्यापाशी हायेत. ती म्हणे मीच घेऊन येतो म्हून."

बाया बुडाखालच्या बोंदऱ्या सारख्या करू लागल्या. 

"ताप हाय तिले," केसरबाई म्हणाली. आईच ती, पोरीच्या डोळ्यात न पाहता बोलली. "खेळ आज तशीच."

वैष्णवी तशीच खेळली. पहिल्या हाफमध्ये खामगावच्या उंच पोरीनं साधाच चेंडू मारला, वैष्णवीनं तो धरला, आणि घामेजल्या हातातून तो माशासारखा निसटून मागं गेला. खामगाववाले नाचले. वैष्णवीनं आपले दोन्ही तळवे पाहिले, चड्डीला पुसले, पुन्हा पाहिले. धम्मशीलाला वाटलं, उठून तिथं जावं आणि आपलेच हात काढून तिला द्यावेत.

दुसऱ्या हाफमध्ये मोताळ्याच्या पूनमनं तीन पोरींच्या पायातून चेंडू काढून गोल केला. मग खामगाव चवताळलं. शेवटी शेवटी तर सगळी मॅच एकट्या वैष्णवीच्या अंगावर आली होती. ती पडत होती, उठत होती, पोटाशी चेंडू धरून मातीत लोळत होती. एक गोळ्यासारखा आलेला चेंडू तिनं बोटांच्या टोकांनी वरून घालवला आणि हात काखेत दाबून खाली बसली. कडेनं कोणीच "मार वं माय" ओरडलं नाही. ओरडणारी नव्हतीच. बाया नुसत्या टाळ्या वाजवत होत्या, सभेत वाजवतात तशा.

परतताना पोरीही टेम्पोतच बसल्या. त्या खुशीत होत्या.

"खामगाववाल्यायच्या घरात घुसून बरोबरी म्हंजे जिंकल्यासारखंच हाय!"

"जिंकल्यासारखं म्हंजे जिंकलं नाही बे," गोविंदा पुढून ओरडला.

"तुमी गाडी चालवा वो काका!"

"हरलो तं नाही ना," केसरबाई हळूच बायांना म्हणाली. "ती असती तं पाच खाल्ले असते."

ते पूनमच्या कानावर पडलं. अर्धंच पडलं असावं. "कोण, मावशी? मावशी असती तं ग्लोज असते," ती म्हणाली. "ग्लोज असते तं एकबी नसता खाल्ला. जिंकलोच असतो आपुन."

तिला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ती इतकं सरळ बोलली. बाया बाहेरचे कापसाचे ढीग पाहू लागल्या.

नांदुरा मागं पडलं. दिवेलागणीला मोताळा जवळ आला तसा गोविंदानं वेग कमी केला. "बाई, सकायच्या वाटेनं घेऊ का?"

"काऊन?" पोरी एकदम म्हणाल्या. "रोडनं चाला ना! मावशीले सांगा लागते!"

केसरबाईनं धम्मशीलाच्या दंडाला चिमटा काढला.

"रोडनं घे," धम्मशीला म्हणाली.

जनकाबाई दुकानाच्या पायरीवरच उभी होती. मागं दिवा लागलेला, आणि हातात ग्लोज. टेम्पो पुरता थांबला नव्हता तोच वैष्णवीनं खाली उडी मारली.

"मावशी, एक-एक! खामगावात एक-एक! तुहा ताप उतरला का?"

"कोणता ताप?"

जनकाबाईची नजर वैष्णवीवरून टेम्पोत गेली. केसरबाई पदरानं मान पुसत होती. नजर पुढं सरकली आणि धम्मशीलावर येऊन थांबली. फार वेळ नाही.

"हाव," ती म्हणाली. "उतरला. सकायीच उतरला."

तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. गोविंदाचा हात गिअरवर होता. केसरबाईनं सुस्काराही टाकला. धम्मशीला मात्र टेम्पोच्या फळीला धरून खाली उतरली. चौदा एप्रिलला हजार माणसांपुढं तिचा आवाज कापत नसे. इथं डझनभर पोरी होत्या.

"ताप नव्हता मावशीले," ती म्हणाली. "मॅच पुढच्या रविवारी हाय असं मी सांगतलं तिले. खोटं सांगतलं."

"काऊन?" वैष्णवीनं विचारलं.

"ती आली की आपुन हरतो म्हून."

ओट्यावर ही गोष्ट किती मोठी वाटली होती. रोडवर, पोरींच्या समोर, ती चिमणीएवढी झाली. पूनमला आधी ही गंमतच वाटली, ती हसली. मग हसू थांबलं.

"तुमी?" पूनम म्हणाली. "बाई, तुमी?"

धम्मशीलाला वाटलं, हिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"एकटी शीला नव्हती," टेम्पोतून केसरबाईचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. "मीच म्हटलं व्हतं."

 जनकाबाईनं वैष्णवीचा हात ओढून दिव्याकडे धरला. "माय वं! हे काय झालं बोटाचं? केसर, घरी गेल्याबरोबर हळद गरम करून लाव इले. आन उद्या दवाखान्यात दाखव. नुसती हळद लावून बसजो नको." मग तिनं ग्लोज वैष्णवीच्या काखेत कोंबले. "धर. अंगठा डबल शिवला."

"मंग गुलालाचं काय?" गोविंदानं विचारलं. बिचाऱ्याला काहीतरी विचारायचं होतं.

"ठेव बे थो सीटखाली," जनकाबाई म्हणाली. "बरोबरीचा गुलाल असते का कोठी?"

टेम्पो गेला. हॉर्न वाजला नाही. धम्मशीला तिथंच राहिली. जनकाबाई आत जाऊन मशीनपाशी बसली. तिनं ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही, म्हणून धम्मशीला उंबऱ्यावर टेकली.

"सकायी एसटी गेली समोरून," जनकाबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "पोट्ट्यायनं खिडकीतून हात केला. म्यां बी केला. मंग ध्यानात आलं, अंगात जर्सी हायेत."

"मंग?"

"मंग काय. म्हटलं, मागून टेम्पो येईन. मले नका नेऊ, पण हे ग्लोज तं नेतीन. उन्ह डोक्यावर येईपर्यंत रोडवर उभी राह्यली."

त्या वेळी टेम्पो तुरीच्या वावरांमधून गचके खात चालला होता, आणि सगळ्या वाकून हसत होत्या.

"मी हे मानत नाही, जनकाबाई," धम्मशीला म्हणाली. "खरंच मानत नाही."

"मानलं असतं तं बरं व्हतं. मानणाऱ्याचं काही वाटत नाही." दोरा ओवला गेला. जनकाबाईनं गाठ मारली. "केसरनं येऊन सांगतलं असतं ना, तं मी चार जणायले पुसलं असतं. तू सांगतलं म्हून पुसलं नाही."

 बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, दिवा विजेचा असूनही खोलीतला उजेड हलल्यासारखा वाटला. जनकाबाईनं फळीवरची एक जर्सी उचलून धम्मशीलाच्या मांडीवर टाकली. सहा नंबरची. आकडा पुन्हा उलटा.

"हे उसव. नखानं नको, कापड फाटंन. ब्लेड घे."

जनकाबाईनं मशीन सुरू केली, धम्मशीला उसवू लागली. जनकाबाईची शिवण पक्की होती, एकेक टाका निघायला वेळ लागत होता.

"पुढची मॅच कोठी हाय?" आकडा निम्मा उसवला तेव्हा जनकाबाईनं विचारलं.

"मलकापूरले."

"कधी?"

"रविवारी."

मशीन थांबली. "खरा रविवार का?"

"खरा," धम्मशीला म्हणाली. "येसान ना?"

जनकाबाईनं चाकाला हात लावला, ते अर्धं फिरवलं, धरलं.

"पाहू," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केली.