आधी आई दाखवा

आईपासून फार लवकर तोडलेलं मागचं कुत्र्याचं पिल्लू आणल्यापासून आठ दिवसांत दगावलं आणि लेक महिनाभर धड जेवली नाही. म्हणून या वेळी वेल्डरने एकच हट्ट धरला होता: आधी पिल्लाची आई दाखवा. पिल्लं विकणाऱ्या तीन चोरांनी थापा मारल्या. एक निर्लज्ज तर म्हणाला, "आई बाहेर गेलीय." जशी काही भाजी आणायला!

चौथ्या घरी बाईंनी बापलेकीला थेट स्वयंपाकघरात नेलं. कुत्री पिल्लांना पाजत निवांत पडली होती. वर बाईंनीच दरडावलं, "दिवसभर घरी कोण असतं? आणि अजून तीन आठवडे पिल्लू मिळणार नाही. आधी दूध सुटू दे."

वेल्डरचा जीव भांड्यात पडला.

"ठेवा की ताई, चार आठवडे ठेवा!" तो लेकीकडे वळला. "बघ, नाही म्हणणारं माणूस भेटलं एकदाचं."