गूळ खाल्ल्यावर

"मालक, तुमच्या मोटारीचा विमा हाय का?"

बायडानं असं भर पारावर विचारलं आणि चौसाळ्याची जाणती माणसं पान चघळायची थांबली. भिंतीआडून शाळेतल्या पोरी खिदळल्या. पैज त्यांनीच लावली होती. सुंदररावांची पुतणी वच्छला म्हणाली होती, "काकांचं चेपलेलं मडगार्ड कंपनीनं नीट करून दिलं. त्याच मोटारीखाली मोडलेल्या तुझ्या बापाच्या पायाचं काय, ते विचार की! हाय का हिंमत?"

"हाय. कावून?" सुंदरराव म्हणाले.

"मडगार्डाला कंपनी देती, मग पायाला?"

"पायालाबी देती." त्यांना खोटं बोलायचाही कंटाळा आला असावा. "पण सिदूनं बीडला जाऊन कंपनीच्या माणसाला सांगाया पायजे, की मी कडंनं चाललो होतो, मोटारच अंगावर आली. कंपनी मला विचारील, मी हो म्हणीन. माझ्या खिशातलं थोडंच जातंय? पण तुझा बाप यायचा न्हाई. गूळ खाल्लाय त्यानं."

बायडा पळतच घरी गेली.

सिदू बाजेवर पडून होता. हाड वाकडं जुळलं होतं, कुशीवर वळायचं तरी दात आवळावे लागत. त्यानं सगळं ऐकलं आणि डोळे मिटले.

"पारावर गूळ खाल्ला की भांडण मिटलं, पोरी. परत त्याचं नाव काढायचं न्हाई. पोलिसांच्या अमीनसाहेबाकडंबी गेलो न्हाई मी त्यापायी."

"गूळ मालकासंगं खाल्ला, आबा. कंपनीसंगं कुठं खाल्ला?"

"शाळंत हेच शिकवतेत व्हय? लोक म्हणतील, सिदू गूळ खाऊन उलटला."

तेवढ्यात बायडाची माय साखराबाई मेंढरं घेऊन आली. पूर्वी दोघांनी राखायचा कळप आता ती एकटी राखायची. मेंढरं वाघुराच्या जाळीत कोंडली आणि ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. पाणी प्यायलाही उठवेना.

"लोक येतेत का मेंढरामागं?" ती एवढंच म्हणाली. आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

सिदूनं भिंतीकडं तोंड केलं. "मला कुठं न्हेऊ नका. पडू द्या असाच."

इतके दिवस त्यानं असं म्हटलं की दोघी गप्प बसायच्या. आज बायडा बाजेपाशी जाऊन उभी राहिली. पारावर बोलून आलेल्या पोरीला आता घरात कसली भीती?

"मी येता येता शेजारच्या बंकटकाकाला बैलगाडी जुंपाया सांगून आले. गाडीत कडबा जाड टाकणार हाय, पायाला हिसका बसू न्हाई म्हणून. माय, उद्या मेंढरं वाघुरातच राहू दे, तूबी चल. आबा, कंपनीच्या माणसापुढं बोलायचं का गप्प बसायचं, ते तुमी ठरवा. पण उद्या सकाळी मी तुमाला बीडला नेणार."