ड्युटीमास्तरांचा रविवार

“गुरुवारी मला जमणार नाही,” नातू म्हणाला आणि हाताची घडी घालून बसला.

ड्युटीमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीला, ठकीला, शिकवणीहून आणायचं काम त्यांनी नातवाच्या गळ्यात घातलं होतं आणि पोरगं ऐकायला तयार नव्हतं. तेवढ्यात जावयांनी मंगळवारचं काहीतरी उकरून काढलं. जावई लिफ्ट दुरुस्त करणारे. कुठे कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की जेवणाच्या ताटावरून उठून पळायचे. त्यांचं म्हणणं मोडवत नव्हतं. मग अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी गुरुवार जावयांकडे गेला, मंगळवार मास्तरांनी स्वतःच्या अंगावर घेतला आणि आखलेल्या कागदावर सगळ्यांची नावं चढली. कागद फ्रिजवर लागला तेव्हा मास्तरांना मनापासून बरं वाटलं. आठवडा मार्गी लागला होता.

त्यांचं उभं आयुष्य बस डेपोत गेलं. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कुणाला सुट्टी द्यायची, कुणाची कापायची, हे सगळं त्यांच्या हातात. अर्धा डेपो त्यांच्या पुढेपुढे करायचा आणि उरलेला अर्धा त्यांच्या नावाने बोटं मोडायचा. सुट्टी मिळाली की माणसं या अर्ध्यात यायची, कापली की त्या अर्ध्यात जायची, एवढंच. रिटायर झाले, बायको गेली आणि ते लेकीकडे राहायला आले. लेक हॉस्पिटलात नर्स. तिची ड्युटी दर आठवड्याला बदलायची, जावयांना दिवसरात्र नाही, पोरांच्या शाळा-कॉलेजाच्या वेळा चार दिशांना, आणि न्हाणीघर एक. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी बघितलं, की घरातलं निम्मं भांडण ‘मला वाटलं तू करणार’ या एका वाक्यावरून होतं. त्यांनी कागद घेतला, रेघा मारल्या आणि घर ताळ्यावर आणलं. तेव्हापासून रविवारी जेवणं झाली की बैठक, हा नियम पडला.

अलीकडे मात्र त्यांच्या हातून चुका होऊ लागल्या होत्या. एकदा ठकीला शाळेतून आणायला कुणालाच लावायचं राहून गेलं आणि शाळेच्या वॉचमनचा फोन येईपर्यंत पोर फाटकापाशी उभी. एकदा लेकीच्या रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांनी दिवसपाळी धरून सगळं लावलं. दोन्ही वेळा घरात कुणी ब्रसुद्धा काढला नाही. मास्तरांना त्याचं नवल वाटलं होतं. डेपोत एवढ्यावरून लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आपली लेक समजूतदार आहे, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तो विषय सोडून दिला.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी पडल्या पडल्या त्यांना एकदम आठवलं. ठकीला पोहण्याच्या क्लासहून आणायला त्यांनी जावयांना लावलं होतं, आणि जावई तर सकाळीच कामाला बाहेरगावी गेले होते. तसं त्यांनी रविवारी बैठकीत सांगितलंही होतं. लेक ड्युटीवर, तिचा फोन कपाटात बंद. नातू उचलत नव्हता. मास्तरांनी पायात चपला सरकवल्या, खाली उतरले, किल्ली राहिली म्हणून परत वर आले आणि पुन्हा उतरले. बस येण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा चालतच निघाले. गुडघे बोंबलत होते. उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरांना ते ज्या शेलक्या शब्दांत झाडायचे, त्याच शब्दांत वाटभर त्यांनी स्वतःला झाडलं.

तलावाच्या फाटकापाशी पोचले तर ठकी ओल्या केसांनी बाहेर येत होती. तिने इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ एका स्कूटरपाशी गेली, तिथल्या बाईच्या हातात आपली पिशवी दिली आणि तिच्याकडून बिस्किटांचा पुडा घेतला. बाई लेकीच्या वॉर्डातली सिस्टर होती. तिचा मुलगाही याच क्लासला यायचा. मास्तरांना बघून ती गडबडली. ते इकडे कसे, असं तिने विचारलं, तर सहज फिरत फिरत आलो म्हणाले. आज मीच नेतो हिला, असं सांगून त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

“मावशीच नेते का गं तुला?” थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं.

“बुधवारी मावशी. शुक्रवारी दादा,” ठकी बिस्किट खात म्हणाली. “आई शनिवारी सगळ्यांना फोनवर यादी पाठवते ना.”

“आणि रविवारी आपण ठरवतो ते?”

ठकीने जरा विचार केला. “ते तुमचं असतं. दादा म्हणतो, थोडं भांडायचं, नाहीतर आजोबांना कळेल.” मग ती एकदम थांबली. “हे सांगायचं नव्हतं.”

“मग मला ऐकू आलंच नाही,” मास्तर म्हणाले. “या कानाने मला तसंही कमीच येतं.”

पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत ते घरी आले. आधी त्यांना लाज वाटली आणि मग संताप आला. सगळे मिळून आपल्याला बनवतात, आणि आपण चष्मा कपाळावर चढवून न्यायनिवाडा करत बसतो. फ्रिजवरचा कागद ओढून फाडावा, संध्याकाळी लेक आली की चार शब्द सुनवावेत, असं त्यांनी पक्कं केलं. ते चार शब्द जुळवूनही ठेवले. लेक आली ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच टेकली. बूट काढले तर पायांवर मोज्यांचे वळ उठले होते.

“बाबा, गोळी घेतली का?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

घेतली, म्हणाले. जुळवलेले चार शब्द सोडून त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

रविवारी लेक रात्रपाळी करून सकाळी आली. तशीच स्वयंपाकाला लागली. जेवणं झाली, टेबल पुसलं गेलं आणि सगळी मंडळी नेहमीसारखी बैठकीला बसली. नातवाने गुरुवार अडवला. जावयांनी मंगळवारची कुरकुर केली. मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच कागदाऐवजी माणसांकडे बघितलं. पोरगं कामात तरबेज होतं. चिडल्यासारखा आवाज चढवायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आजोबांकडे बघायचं. जावयांना मात्र नाटक जमत नव्हतं, बिचारे आपलं वाक्य म्हणून झालं की घड्याळाकडे बघायचे. ठकी टेबलाखाली पाय हलवत बसली होती. लेकीने मुठीवर हनुवटी टेकली होती. तिचे डोळे मिटायचे, मान कलायची आणि मग ती दचकून म्हणायची, “हो बाबा, शुक्रवार मला चालेल.” बोलणं सोमवारचं चाललं होतं.

आठवड्यातली तिची हीच काय ती मोकळी दुपार. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती दर रविवारी अशी खर्ची घालत होती, आणि आपण समजत होतो, की या घराचं ओझं आपण उचलतो. मास्तरांना गलबलून आलं. त्यांनी पेन टोपण लावून बाजूला ठेवलं.

“बास झालं,” ते म्हणाले. “मला कंटाळा आला याचा.”

 नातू भांडायचा थांबला.

“आयुष्यभर डेपोत हेच केलं, आणि इथेही तेच. मला आता रिटायर करा. फोनवर म्हणे सगळं ठरवता येतं हल्ली, तसं काहीतरी करा तुम्ही.”

लेक खडबडून जागी झाली. तिने बापाकडे बघितलं, मग ठकीकडे. ठकी मान खाली घालून टेबलावरची रेघ नखाने कोरत होती.

“बाबा, कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“माझ्याशी बोलायला वेळ आहे का कुणाला?” मास्तर हसले. “जा, झोप जा.”

“तुम्ही नाही बघितलं तर आमचं कसं होणार?”

“होईल.”

एवढं ऐकल्यावर बैठक मोडली. नातू मित्राकडे पळाला, जावई स्कूटरची काहीतरी खुडबुड करायला खाली उतरले, ठकी चित्रं घेऊन कोपऱ्यात गेली. बघता बघता खोली रिकामी झाली, आणि ते मास्तरांना लागलं. कुणीतरी दोनदा आग्रह करेल, असं त्यांना उगाच वाटलं होतं. लेक तेवढी खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलणार होती, पण जांभईच आली. खांदा दाबून ती आत गेली आणि दार लागलं.

पुढ्यात अख्खी दुपार पडली होती, आणि तिचं काय करायचं हे मास्तरांना कळेना. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली तशी त्यांना दारावरच्या बेलची आठवण झाली. ती बेल मेलेल्यालाही उठवेल अशी होती. त्यांनी एक खुर्ची उचलली, आवाज न करता बाहेर नेली आणि दाराला पाठ लावून जिन्याच्या तोंडाशी बसले.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धापा टाकत वर आले. त्यांचं लेकीकडे काहीतरी काम होतं. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

“मुलगी ड्युटीवरून आलीय, झोपलीय,” ते कुजबुजले. “काय असेल ते मला सांगा.”