डिकीतल्या नळीत भरलेली हवा

मित्रांनो, गाडीच्या चाकात हवा असते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या हवेत मी राहत होतो. अंगठ्याएवढं काळं प्लॅस्टिकचं अंग, पोटात एक बारीक बॅटरी आणि रिमच्या भोकातून बाहेर डोकावणारी धातूची मान. त्या मानेतूनच चाकात हवा भरतात. लोक मला सेन्सर म्हणतात. आता माझी मान मोडलेली आहे आणि टायरच्या एका दुकानात मला तारेने खिळ्याला टांगलेलं आहे. बॅटरी संपत आली आहे. ती आहे तोवर माझी हकिगत सांगतो.

मला डोळे नाहीत. मी राहिलो तिथे उजेडच नव्हता, त्यामुळे डोळ्यांवाचून काही अडलं नाही. रिमच्या धातूतून आवाज यायचे, ते ऐकू यायचे. बाकी मला एकच गोष्ट कळते, माझ्याभोवती हवा किती आहे ती. बत्तीस असली की मी म्हणतो, बत्तीस. उतरून चोवीस झाली की म्हणतो, चोवीस. मग चालवणाऱ्याच्या समोर एक पिवळा दिवा लागतो. मला आनंद होत नाही आणि भीतीही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल, याला काहीच कसं वाटलं नाही? खरंच वाटलं नाही. मी फक्त हवा सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने मला हवेच्या डब्यात ठेवून पाहिलं, "बोलतोय," म्हणाली आणि पेटीत टाकलं. एवढंच माझं बालपण. मग मला एका गाडीच्या मागच्या डाव्या चाकात बसवलं.

गाडी भाड्याने फिरायची. ती चालवणाऱ्यांना स्टँडवर सगळे 'लगेच' म्हणत, कारण कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "लगेच निघतो." टायरच्या दुकानात मात्र त्यांना दाजी म्हणत, कारण दुकान त्यांच्या मेहुण्याचं होतं. मीही त्यांना दाजीच म्हणतो.

दाजींची बायको शिंप्यांकडचे शर्ट आणून त्यांना हाताने काज करायची. तिचा भाऊ तिला ताई म्हणायचा. ती नेहमी मागच्या सीटवर डाव्या बाजूला, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर बसायची. गाडी चालू असली तरी तिची सुई चालूच असे.

"अहो, खड्डा आला की आधी सांगत जा. सुई बोटात जाते."

"मग बघून शिव की."

"बघून कशाला? माझ्या बोटांना दिसतं."

आणि ते खरं होतं. काजाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवून ती सांगायची, इथे टाका सैल आहे. शिंपी तिचं नाव काढायचे. घर दोघांच्या कमाईवर चालायचं, गाडी आणि सुई.

टायर घासले की गाडी मेहुण्याच्या दुकानात जायची. मेहुणा हळू काम करणारा. दाजी त्याला कासव म्हणायचे.

"काय कासवशेठ, आज सुरू करशील की मुहूर्त बघतोयस?"

"दाजी, तुम्ही चहा घ्या तोवर."

"तुझ्या एका टायरात माझे दोन चहा होतात आणि एक गिऱ्हाईक जातं."

तो हसायचा, पण हात घाई करायचे नाहीत. आधी टायरवर, माझी मान बाहेर येते तिथे, तो खडूने खूण करायचा. मग मानेतली पिन काढून सगळी हवा सोडायचा. टायरची कड रिमला घट्ट चिकटलेली असते, ती सोडवायला यंत्राचा जाड फाळ दाबावा लागतो. तो फाळ माझ्या बाजूला त्याने कधी दाबला नाही. चाक फिरवून माझ्या समोरच्या बाजूला दाबायचा, उलटं करून पुन्हा तसंच. मग कडांना साबणाचं पाणी लावायचा. यंत्राचा हात कडेखाली शिरतो ती जागा आणि नवा टायर चढताना शेवटी कड ताणून आत पडते ती जागा, दोन्ही माझ्यापासून लांब राहतील असं चाक धरायचा. माझ्या मानेची रबरी चकती दरवेळी नवी घालायचा. नट आवळताना पाना 'कट' म्हणाला की थांबायचा. शेवटी चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का बघत बसायचा.

"अरे, तो एवढासा तुकडा. सोन्याचा आहे का?" दाजी म्हणायचे.

"सोनं बोलत नाही दाजी. हा बोलतो."

अशी वर्षं गेली. उन्हात तापलो, थंडीत गार पडलो. कुणी माझं कौतुक केलं नाही, कारण मी चाकात आहे हे फार जणांना माहीतच नव्हतं.

मग एका सकाळी माझ्या चाकाच्या टायरला बाजूने फुगा आला. दाजींना लांबचं भाडं मिळालं होतं. घरी एक बरा टायर पडून होता. मेहुणा फोनवर म्हणाला, दुपारी या. दाजींनी अंगणात जॅक लावला आणि शेजाऱ्याकडून दोन पहारी मागून आणल्या.

"अहो, माझ्या भावाकडे न्या ना. दुपारपर्यंत काय होतंय?" ताई दारातून म्हणाली.

"तुझा भाऊ टायर काढत नाही, टायराची समजूत घालतो. लगेच करतो मी."

खडूची खूण नव्हती. साबणाचं पाणी नव्हतं. पहार कडेखाली घुसली ती माझ्याच बाजूने. दाजींनी तिच्यावर सगळं वजन टाकलं. माझ्या मानेत कट असा आवाज झाला. हा आवाज पान्याचा नव्हता.

दाजींनी मला बाहेर काढून तळहातावर घेतलं. मग माझ्या जागी रिमच्या भोकात एक साधा रबरी व्हॉल्व्ह कोरडाच ओढून बसवला, टायर चढवला, हवा भरली. गाडी सुरू केली तर पिवळा दिवा लागला. तो लागणारच होता. मी अंगणात पडून सांगत होतो, शून्य.

नवा सेन्सर बसवता आला असता. पण त्यासाठी मेहुण्याच्या दुकानात जावं लागलं असतं, आणि जुना कसा मोडला ते सांगावं लागलं असतं. कासवाला कधी ना कधी 'सांगत होतो ना दाजी' म्हणायची संधी मिळाली असती. दाजींना ते नको होतं.

त्यांनी नळाच्या पाइपचा हातभर तुकडा घेतला. एका टोकाला टोपण चिकटवलं. आत मला टाकलं. दुसऱ्या टोकाच्या टोपणाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला आणि तेही चिकटवलं. मग पायाच्या पंपाने नळीत हवा भरली. माझी मान मोडली होती, आवाज गेला नव्हता. हवा बत्तीस झाली तेव्हा मी म्हणालो, बत्तीस. दिवा विझला. दाजींनी नळी कापडात गुंडाळून डिकीत, जुन्या पोत्याखाली ठेवली. चाक फिरायचं थांबलं की मी झोपी जातो, पण गाडीचे हादरे मला जागं ठेवायला पुरेसे होते.

स्टँडवर त्यांनी डिकी उघडून दाखवली तेव्हा मोठी वाहवा झाली.

"याला म्हणतात डोकं!"

"मेहुण्याला शिकवा आता. दुकान तुम्हीच टाका."

माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. मी काहीच केलं नव्हतं. मी खोटंही बोललो नाही. नळीत बत्तीसच होती. चाकात किती होती, ते मला कळायचा मार्ग उरला नव्हता.

नळीचा एक सांधा किंचित गळायचा. काही आठवडे गेले की हवा उतरायची, मी सांगायचो, दिवा लागायचा. दाजी गाडी थांबवून डिकी उघडायचे, नळीला पंप लावायचे, दिवा विझायचा. पुढे पुढे त्यांना त्याची सवयच झाली. दिवा लागला म्हणजे नळी गळाली, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. दिव्याचा आणि चाकाचा काही संबंध असतो, हे ते विसरून गेले.

त्या दिवशी ताईला शर्टांचं गाठोडं दुसऱ्या गावच्या दुकानात पोचवायचं होतं. थोडे काज राहिले होते, ते ती वाटेत करत होती. अर्ध्या वाटेवर नळीतली हवा उतरली आणि दिवा लागला.

"अहो, दिवा लागलाय."

"दिसतोय."

"आणि गाडी डावीकडे बसल्यासारखी वाटते. मला खालून कळतंय."

"गाठोडं डावीकडे आहे म्हणून. जरा सरकव."

पेट्रोल पंप आला. तिथे हवेचं यंत्र होतं. दाजी त्याच्या शेजारीच थांबले, मागे गेले आणि डिकी उघडली. पायाच्या पंपाचा आवाज सुरू झाला, फस फस. ताईने मान मागे वळवली.

"अहो, हवा चाकात भरतात ना? तुम्ही डिकीत काय करताय?"

"तू बस गं. लगेच निघतो."

डावं चाक त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं. ते खाली वाकले असते तर त्यांना दिसलं असतं. कोरडा ओढलेला तो रबरी व्हॉल्व्ह बुडाशी चिरला होता आणि सकाळपासून हवा सोडत होता. हे मला नंतर, दुकानात ऐकल्यावर कळलं. तेव्हा मी नळीत होतो. नळीत हवा वाढत होती. मी म्हणालो, बत्तीस.

"बघ. विझला," दाजी म्हणाले.

"हो. विझला," ताई म्हणाली, आणि पुन्हा सुई घेतली.

उतारावरच्या वळणावर टायर रिमवरून निसटला. रिम रस्त्यावर घासत गेली. मग दगडांचा आवाज, मग काचेचा. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि थांबली. दाजी "अगं, अगं" एवढंच म्हणत होते. ताईने सावरायला टाकलेला उजवा हात फुटलेल्या खिडकीतून बाहेर गेला होता आणि गाडी त्यावर होती. ती ओरडत नव्हती. मी पोत्याखाली होतो. मी सांगत होतो, बत्तीस. बत्तीस.

गाडी ओढून मेहुण्याच्या दुकानात आणली. त्याने डिकी रिकामी केली तेव्हा नळी हाताला लागली. त्याने ती हलवली. आत मी खडखडलो. मग त्याने करवतीने टोपण कापलं, हवा गेली आणि मी त्याच्या हातावर पडलो.

"दाजी, हे काय आहे?"

दाजींनी करवत उचलून जागेवर ठेवली.

"दिवा लागला नव्हता?"

"लागला होता."

"मग?"

"विझवला."

मेहुणा एका उलट्या रिमवर बसला.

"ओरड की रे," दाजी म्हणाले.

"ओरडून ताईचा हात बरा होणार असेल तर ओरडतो."

ताईच्या हाताची हाडं जुळली. पण आतली, स्पर्श कळवणारी शीर दुखावली होती. डॉक्टरांनी शिवली, म्हणाले, वेळ लागेल, कदाचित येईल, कदाचित नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलायची, पण त्यांना काही कळत नव्हतं. तिने घरी सुई धरून पाहिली. सुई बोटात शिरली तरी तिला समजलं नाही. पांढऱ्या शर्टावर लाल डाग पडला तेव्हा समजलं. शिंप्यांनी वाईट वाटून घेतलं आणि शर्ट पाठवायचे बंद केले.

मग ती दुपारी भावाच्या दुकानात येऊन बसू लागली. मला जिथे टांगलंय त्याच्याखालीच तिचं स्टूल असतं. गिऱ्हाइकांनी घाई केली की मेहुणा माझ्याकडे बोट दाखवतो आणि खडू घेतो. जास्त काही सांगत नाही.

दाजी दुरुस्त झालेली गाडी घेऊन भाड्यावरून येतात. आधी चारही चाकांपाशी गुडघे टेकून हवा मोजतात, दिवा विझलेला असला तरी. मग ताईसमोर बसतात. ती डोळे मिटते. ते काडेपेटीची काडी एकेका बोटावर टेकवतात.

"कळतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"दाजी, आता तुम्हीच कासव झालात," मेहुणा एकदा म्हणाला. दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काडी पुढच्या बोटावर नेली.

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका दुपारी ताई म्हणाली, "काडी ठेवा. सुई घ्या."

"नको गं."

"घ्या म्हणते ना. तशीही मला काय कळणार आहे?"

दाजींनी सुई घेतली. अंगठा. नाही. पहिलं बोट. नाही. मधलं बोट.

"स्स!"

"काय झालं?"

"अहो, दुखलं."

मेहुण्याने यंत्र बंद केलं, त्यामुळे मला पुढचं नीट ऐकू आलं.

"परत एकदा सांग," दाजी म्हणाले.

"दुखलं म्हणते ना. बहिरे झालात का? टोचा परत."

दाजींनी परत टोचलं. ती परत म्हणाली, दुखलं. तिघेही हसत होते, आणि दाजींना धड हसताही येत नव्हतं.

मित्रांनो, मला काही वाटत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. पण तुम्हाला वाटतं. तुमच्या बोटांना कळतं. ते जपा. आणि कधी समोर पिवळा दिवा लागला तर तो कसा विझवायचा याचा विचार करू नका. गाडी थांबवायला सांगा, खाली उतरा आणि चाकाजवळ वाका.