खिडकीमागचा मिशीवाला

तिकीटबाईंची तक्रार मंजूर झाली आणि पुतळा हलवला गेला. आता हे काही घडलंच नाही असं धरून पुढे वाचा. गोष्ट सुरू होते त्या सकाळी बाईंनाही ते ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी बाई जुन्या स्टेशनातल्या नव्या संग्रहालयात तिकीटखिडकीसमोर फणकारून उभ्या होत्या. गाड्या बंद झाल्यावर स्टेशन बरीच वर्षं ओस पडलं होतं. आता त्याला रंग फासून त्यात त्याचाच इतिहास मांडला होता. बाईंनी उभी हयात काढली त्याच खुर्चीत प्लास्टरचा तिकीटबाबू बसवला होता. भरघोस मिशीचा.

"इथे मी बसायचे," बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या.

"असाल हो मावशी. पण मिशी कशी शोभतेय खिडकीला!"

"मला नव्हती."

"मग तसं लेखी द्या."

बाईंनी लेखी दिलं. उत्तर येईना, म्हणून रोज विचारायला येऊ लागल्या. पहारेकरी चहाला सटकायचा. मग बाई आणि बाबू, दोघंच. सुरुवातीला बाईंनी त्याला नुसतं झापलं. "सरळ बस. लोक काय म्हणतील?" पुढे घरचे विषय निघाले. लेक परगावी असतो, फोनवर "बोल आई, पटकन" म्हणतो. हे गेल्यापासून भाजी उरते. कितीही कमी केली तरी उरतेच. बाबू सगळं ऐकून घ्यायचा. मध्येच तोडायचा नाही, स्वतःच्या गुडघ्यांचं काढायचा नाही. आजवर खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला गाडी पकडायची होती. याला कुठेच जायचं नव्हतं.

तक्रारीचं विचारायचं बाई हळूहळू विसरल्या. कार्यालय मात्र विसरलं नाही. कार्यालयाकडून ही अपेक्षा नव्हती.

एके दिवशी खुर्ची रिकामी. तिच्यावर पाटी: 'येथे एक महिला कर्मचारी बसत असे.'

"झालं ना मनासारखं?" पहारेकरी खुशीत होता.

"तो कुठाय?"

"तो होय? फोडला. मागच्या रस्त्याला खड्डा होता ना, त्यात भरला. मस्त दबलाय."

बाईंनी खुर्चीकडे हात नेला.

"अं हं, मावशी! वस्तूंना हात नाही लावायचा."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि खिडकीच्या फळीवर, बाहेरच्या बाजूने, उभ्याउभ्याच लिहिलं:

'माझी तक्रार मान्य केल्याबद्दल आभारी आहे. तरी सदर कर्मचाऱ्यास मिशीसह पूर्ववत कामावर रुजू करून घ्यावे व त्याच्या गैरहजेरीचा काळ रजा म्हणून धरण्यात यावा, ही नम्र विनंती.'