दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना लेझर कटर आहे. शिलाई मशीनच्या टेबलाएवढा. माझ्या डोक्यातून उजेडाची बारीक, तापलेली धार निघते आणि तिने प्लायवूड कापले जाते. २००७ साली शिरूरच्या एका ट्रॉफीवाल्याने मला विकले आणि मी न्हावऱ्याला हौसरावांच्या घरी आलो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना रिकामे बसवत नव्हते.

मला खरे चालवले ते त्यांच्या सुनेने, सविताने. कॉम्प्युटरवर ती अक्षरे काढायची आणि मी ती कापायचो. काम संपले की माझी काच पुसायची. "सूनबाईचा हात लई बसलाय," हौसराव आल्यागेल्याला सांगत. ती आतून ऐकून गालात हसे.

मग केडगावच्या एका अंध मुलींच्या शाळेचे काम आले. लाकडी अक्षरे आणि ती नेमकी बसतील असे खाचांचे पाट. प्लायवूड जाड होते, म्हणून एकाच रेघेवरून मला दोनदा फिरावे लागे. पहिली रेघ बरोबर यायची, दुसरी केसभर बाजूला पडायची. अक्षरे खाचेत अडकू लागली, काही डुगडुगू लागली. सविताने चित्र तपासले, लाकूड घट्ट धरून बसवले. तरी तेच. शाळेने पाट परत पाठवले.

"लक्ष कुठं असतं तुझं? मधीच लाकूड हलवतीस," हौसराव शेजाऱ्यांदेखत म्हणाले.

"न्हाई आबा, हात बी लावला न्हाई."

"मग काय मशीन आपल्या मनानं सरकतंय व्हय?"

खरे तर तसेच होत होते. माझा पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा स्क्रू ढिला झाला होता, आणि मला सांगता येत नव्हते. सविताने माझ्यावर कापड घातले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी हौसराव स्वतः बसले. रेघ पुन्हा हुकली. लाकडाला तर कुणीच हात लावला नव्हता. मग त्यांनी बाजूचे झाकण काढले, माझे डोके हाताने हलवून पाहिले आणि चाक जागीच डुलताना त्यांना दिसले. त्यांनी स्क्रू आवळला. आता दुसरी रेघ पहिलीवरच पडली.

तो तुकडा घेऊन ते गोठ्यात गेले. सविता धार काढत होती. परत आल्यावर ते पुतळाबाईंना, आपल्या बायकोला, सांगत होते तेव्हा मी ऐकले.

"म्हणलं, चूक तुझी न्हवती, स्क्रू ढिला व्हता. तिनं कडेवरनं बोट फिरवलं. म्हणली, चांगलं झालंय आबा."

"मग येती का?"

"म्हणली, तुमाला जमतंय की आता." हौसरावांनी तो तुकडा माझ्या झाकणावर ठेवला. "रागावली बी न्हाई गं."

पाट केडगावला पोचले. मुलींनी बोटांनी अक्षरे ओळखली, असा निरोपही आला. सविता मात्र पुन्हा माझ्यापाशी बसली नाही. हौसरावांना नवी चित्रे काढता येईनात. हळूहळू कामे थांबली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचे स्क्रू अधूनमधून तपासत जा. आणि काम बिघडले, तर माणसाला बोल लावण्याआधी आमचे झाकण उघडून बघा. माझा स्क्रू आवळायला हौसरावांना कपातला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नव्हता.