चष्म्याच्या दुकानातली फेरऐकणी

माझं चष्म्याचं दुकान आहे, पण गर्व मला कानांचा आहे. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. फ्रेम निवडताना मागे गाणं चालू असतं, आणि एखाद्यानं सहज विचारलं, "छान आहे हो, कोणाचं?" की तो माझ्या तावडीत सापडला. नवीन अल्बम आला की मी तो आधी एकट्यानं ऐकतो, मग दुकानात लावतो, मग त्यावर मत देतो. मत देताना मी कोणाची भीडभाड ठेवत नाही. बायको म्हणते, एवढ्या बारकाईनं मला बघायला आला असतात तर लग्न मोडलं असतं.

वर्षातल्या शेवटच्या रविवारी आम्ही दुकान बंद ठेवतो आणि पाच जण आत पंचायत भरवतो. वर्षातला उत्तम अल्बम, उत्तम मैफल आणि उत्तम गाणं, हे तिन्ही त्या दिवशी ठरतं. निवडलेलं गाणं पुढचं वर्षभर रोज सकाळी दुकान उघडताना लागतं. बायको त्या दिवशी नेमकी बहिणीकडे जाते. तिच्या मते आम्ही पाच जण भांडतो आणि त्याला संगीत म्हणतो.

पंचांमध्ये पहिली माझी ताई. तिची लाँड्री आहे. दिवसभर इस्त्री करते आणि ॲप्रनच्या खिशातला मोबाईल सतत गात असतो. शंभरातली नव्व्याण्णव गाणी तिला आवडत नाहीत. ज्या गाण्यानं इस्त्रीचा हात थांबतो तेच गाणं, बाकी सगळा कपड्यांचा ढीग, असं तिचं म्हणणं. दुसरे सर, निवृत्त गणिताचे. ते डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजतात आणि एखादी चुकली की गालात हसतात. तिसरा शेजारचा सोफावाला. सोफे शिवतो, आणि कुठंही बसण्याआधी बैठक दाबून बघतो. चौथा मी, म्हणजे अध्यक्ष. पाचवी माझी मुलगी. दुकानात डोळे तीच तपासते, माझ्यापेक्षा चांगले तपासते, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही.

नियम माझे आहेत. आपलं गाणं आपण लावायचं, पण निकाल लागेपर्यंत गायकाचं नाव सांगायचं नाही. स्वतः आणलेल्या गाण्याला मत द्यायचं नाही. आणि नात्यातल्या माणसाचं गाणं आणायचंच नाही. हा शेवटचा नियम सोफावाल्यामुळे आला. त्याच्या भाच्याचा बँड होता, आणि तो बँड आम्ही ओळीनं तीन वर्षं सोसला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. चौथ्या वर्षी मी टेबलावर हात आपटून नियम केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोफावाल्यानंही वाजवल्या, म्हणजे बघा.

तो नियम याच वर्षी माझ्यावर उलटला.

आमची डोळे तपासायची खोली लांबट, अरुंद आहे. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला स्टूल, आणि चारी बाजूंना जाड काळे पडदे. रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलगी दार लावून तिथे बसायची. मला वाटायचं, यंत्रं पुसतेय. नंतर कळलं की ती तिथे स्वतःची गाणी रेकॉर्ड करत होती. शब्द तिचे, चाल तिची, वाद्यही एकच, तेही तीच वाजवते. पाच गाण्यांचा छोटासा अल्बम तिनं इंटरनेटवर टाकला, तोही स्वतःच्या नावानं नाही. गायिकेचं नाव ठेवलं 'रविवार'.

मला तिनं ऐकवला. मी ऐकला आणि म्हणालो, "फार चांगला आहे."

"तुमचं मत मोजायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं माझ्याकडून वचन घेतलं की मी कोणाला सांगणार नाही आणि दुकानात लावणार नाही. मी ते पाळलं. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला याचा किती त्रास झाला असेल याची कल्पना करा. गाणी कोणी ऐकेना. ऐकणाऱ्यांत निम्मा तर मीच होतो. वर्ष संपत आलं तेव्हा एका सकाळी काच पुसता पुसता ती म्हणाली, "एकतीस तारखेला सगळं काढून टाकते. गाणं माझं काम नाही. डोळे तपासता येतात, तेवढं पुरे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. रागावलेलं माणूस निदान पुन्हा सुरू तरी करतं.

तर असा तो रविवार उजाडला.

अल्बमचा निकाल लवकर लागला. एका बासरीवाल्याचा अल्बम होता, त्यात तो निम्मा वेळ वाजवतच नाही, पण ज्या निम्म्या वेळात वाजवतो त्यात बाकीच्यांचं वर्षभराचं वाजवणं मावेल. सरांनी शांततेच्या मात्रासुद्धा मोजल्या होत्या. मैफलीवरून मात्र जुंपली. सोफावाल्याला उघड्या मैदानातला कार्यक्रम हवा होता, कारण तिथे तो नाचला होता. मी म्हणालो, तुझं नाचणं ही मैफल नव्हे. शेवटी शाळेच्या जुन्या सभागृहातल्या त्या म्हाताऱ्या गायिकेला मान मिळाला. उशिरा येणाऱ्यांची खुर्च्या ओढायची धांदल बघून ती मध्येच थांबली होती, सगळे बसल्यावर पहिल्यापासून गायली, आणि दुसऱ्यांदा गाताना तिनं चालच बदलली. त्या दिवशी आम्ही पाचही जण एका रांगेत बसलो होतो आणि परत येताना तीच नवी चाल गुणगुणत होतो.

मग गाणी. मी आणलेलं गाणं होतं 'कडी लावून घे'. तीन बायकांचा बँड, आणि ढोल असा की कोणी दार ठोठावतंय. ते वाजल्यावर सरांनी डोळे उघडले, म्हणजे गाणं जमलं. मी मिशीवर ताव देत बसलो.

ताईनं मोबाईल स्पीकरला जोडला. "या गाण्यानं माझ्याकडून गिऱ्हाइकाची कॉलर जाळून घेतली," ती म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा. आता गप्प बसा."

आधी एक श्वास ऐकू आला. मग स्टूल कुरकुरलं. ते स्टूल माझं आहे. त्याला तेल घालतो घालतो असं मी किती वर्षं म्हणतोय.

मी मुलीकडे बघितलं. ती एक स्वच्छ काच पुसत होती आणि मान वर करत नव्हती. गाण्याचं नाव 'पायऱ्या धुताना'. दुकानाच्या पायऱ्या धुणारी बाई, तिच्या पुढ्यातून दिवसभर वर-खाली जाणारी पावलं, आणि चेहरे न बघता पावलांवरून तिनं ओळखलेली माणसं. माझी मुलगी गात होती, माझी ताई डोळे मिटून डुलत होती, आणि काय चाललंय ते आम्हा बापलेकींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला की मी उगाच खोकलो. ताईनं एक डोळा उघडून मला दटावलं.

खरं तर अध्यक्ष म्हणून मी तिथल्या तिथे गाणं थांबवायला हवं होतं. नात्यातलं गाणं. पण थांबवलं तर वचन मोडतं, आणि नाही थांबवलं तर नियम मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी मूग गिळून बसलो.

शेवटच्या फेरीत दोनच गाणी उरली, माझं आणि ताईचं. स्वतःच्या गाण्याला मत देता येत नाही, त्यामुळे माझं मत ताईच्या गाण्याला आणि तिचं माझ्या. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. माझा हात नियमानंच वर गेला, मी काहीच केलं नाही. सरांनी ढोलाला मत दिलं. सोफावाला म्हणाला, "पायऱ्यावालं. मला त्यात माझी आई दिसली." दोन-दोन झाली. राहिली मुलगी.

"'कडी लावून घे'," ती खाली बघत म्हणाली. "दुसरं कच्चं आहे."

ताई ताडकन उठली. "कच्चं? बापाच्या पंगतीला बसून तुझे कानही बापासारखे झाले! अध्यक्ष, मला फेरऐकणी पाहिजे."

हरलेल्याला एकदा गाणं पुन्हा ऐकवायचा हक्क असतो, आणि तोवर कोणालाही मत बदलता येतं. हा नियम फारसा कोणी वापरत नाही, कारण पुन्हा ऐकून कोणाचं मत बदललंय असं झालेलं नाही. मी मान हलवली. ताईनं गाणं पुन्हा लावलं, खुर्ची ओढली आणि भाचीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"सांग. कुठे कच्चं आहे?"

"सुरुवातीलाच. कसली तरी कुरकुर येते."

"अगं, ती मुद्दाम ठेवलीय! बाई खाली बसलीय, धुवायला. काय विचार केलाय बघ."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"दुसऱ्या ओळीत सूर खाली गेलाय," मुलगी म्हणाली.

"गेलाय. वाकून पायऱ्या धुणाऱ्या बाईचा वरच लागेल होय? पुढे."

"तिसऱ्या कडव्याआधी श्वास फार मोठा घेतलाय. ऐकू येतो."

ताईनं गाणं तिथेच थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा लावलं. "नीट ऐक. हा श्वास नाही. इथे तिला रडू येतंय, ते ती गिळते आणि मग गाते. मी एवढी वर्षं ऐकतेय, हे असं गिळणं क्लासला जाऊन येत नाही. पुढे काय?"

"शेवटची ओळ घाईत संपते."

"कारण कोणीतरी आलंय आणि तिला बाजूला व्हायचंय. गाणाऱ्या बाईला हे कळलं आणि तुला कळत नाही?"

सोफावाला हळूच म्हणाला, "पोरी, तुला इतक्या चुका दिसल्या कशा? मला तर एकही दिसली नाही."

मुलीला आणखी चुका शोधायच्या होत्या, हे दिसत होतं. ओठ हलले, पण सापडली नाही. त्या गाण्याला ती वर्षभर नावं ठेवत आली होती, आणि माझ्या ताईनं एकेक नाव तिच्या हातातून काढून घेतलं होतं. गाणं संपलं. सरांनी मोजणं सोडून दिलं होतं.

मग माझ्या मुलीनं हात वर केला.

"मत बदलते," ती म्हणाली. "पायऱ्यावालं गाणं."

हे मी तुम्हाला नीट सांगतो, कारण त्या क्षणी मला जे वाटलं ते निकालाबद्दल नव्हतं. लहानपणी चित्र काढलं की कोणी बघायच्या आत पाटी पुसणारी ही मुलगी. स्वतःच्या गाण्यासाठी तिनं चारचौघांत हात वर केला आणि तो खाली घेतला नाही. मला उठून नाचावंसं वाटलं, आणि मी मघाशी सोफावाल्याला काय बोललो होतो ते आठवून बसून राहिलो.

"आली एकदाची अक्कल!" ताई म्हणाली. "ही 'रविवार' नावाची कोणी आहे. मी तिला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शिष्ट दिसते."

"शिष्ट नाही, आत्या. घाबरलेली होती. उत्तर लिहून पुसायची."

"तुला काय ठाऊक?"

मुलगी उभी राहिली आणि तिसऱ्या कडव्यापासून गायला लागली. वाद्य नव्हतं, स्पीकर नव्हता. ताईनं आधी स्पीकरकडे बघितलं, मग मोबाईलकडे, मग तिच्याकडे. कडवं संपलं तसं तिनं भाचीला जवळ ओढलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायलाच लागली. इस्त्रीनं भाजून भाजून तिचे हात खरखरीत झालेत. मुलीच्या गालांवर ते तसेच कितीतरी वेळ राहिले.

सर मात्र सरच. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अध्यक्ष, एक प्रश्न उरतो. गाणं भाचीचं आहे."

सोफावाला ओरडला, "सोडा हो सर!"

"माझ्या भाच्याच्या वेळी का नाही सोडलं?" असं तो म्हणू शकला असता. नाही म्हणाला, हा त्याचा मोठेपणा. पण सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा, ओल्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांत स्पष्ट धमकी होती. या खोलीत माझ्या शब्दाला किंमत आहे ती एवढ्याचसाठी की तो मी घरच्यांसाठी वाकवत नाही. मुलीसाठी एकदा वाकवला असता तर मघाचे तिचे सगळे मार्क फुकट गेले असते. ते तिनं कोणाच्या नात्यावर मिळवले नव्हते.

"गाणं बाद," मी म्हणालो.

ताईनं मला दुष्ट म्हटलं, बहिरा म्हटलं, जन्माचा अडाणी म्हटलं. आयुष्यात इतक्या शिव्या मी इतक्या आनंदानं खाल्ल्या नाहीत, कारण त्यातली प्रत्येक शिवी माझ्या मुलीचं कौतुक होती.

मुलगी हसत होती. रडून लाल झालेल्या नाकानं, पण मोकळं हसत होती.

"करा बाद, बाबा," ती म्हणाली. "पण एकतीसला मी काही काढत नाही. आणि आता खाली माझं नाव घालते."